खाली न घेतलेली हरकत

माझं टोपणनाव हरकत. आईवडिलांनी ठेवलेलं नव्हे, टाचणीनं ठेवलेलं. टाचणी म्हणजे आता न्यायमूर्ती झालेला माणूस, पण तेव्हा तो माझ्यासारखाच नवशिका वकील होता आणि आम्ही दोघं सरांच्या, म्हणजे आमच्या ज्येष्ठ वकिलांच्या, चेंबरमध्ये एकाच टेबलावर बसायचो. अंगानं काडी, आणि कागदाला टाचणी तिरकी लागली तर त्याला अन्न गोड लागत नसे. म्हणून तो टाचणी. मी कशावरूनही भांडायची. पंखा फार जोरात आहे, खिडकी फार बंद आहे, सरांचा मुद्दा फार लांबलाय. म्हणून मी हरकत. 'हरकत आली,' तो म्हणायचा, 'आता काम सुरू.'

आमचं काम अपिलांचं. अपिलात नवं काही घडत नाही. खालच्या कोर्टात जे झालं आणि कागदावर उतरलं, तेवढंच वर वाचायचं. साक्षीदार ढसाढसा रडला असेल, पण कोणी ते लिहून घेतलं नसेल, तर आमच्यापुरता तो रडलाच नाही. आणि सगळ्यात कडक नियम हा की खालच्या कोर्टात ज्या गोष्टीला हरकत घेतली नाही, तिला वर येऊन घेता येत नाही. वेळ होती तेव्हा गप्प बसलात ना, मग आता गप्पच बसा. सरांनी हा नियम आमच्या डोक्यात असा ठोकून बसवला होता की झोपेतून उठवलं तरी आम्ही तो म्हणून दाखवला असता.

संध्याकाळी आम्ही कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये चहा प्यायचो, मागच्या खिडकीजवळच्या टेबलावर. तो हातातला कागद वाचत राहायचा आणि त्याच्या चहावर साय धरायची. मग मी त्याच्या कपावर नखानं टकटक करायची. तो दचकून वर बघायचा, साय बोटानं बाजूला सारायचा आणि तो थंडगार चहा एका दमात पिऊन टाकायचा. सर गेले, चेंबर मोडलं, दोघांची स्वतंत्र ऑफिसं झाली, तरी तो चहा चालू राहिला. त्यानं लग्न केलं नाही. मीही केलं नाही. का नाही, हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही. माझी आई मात्र मला विचारायची, आणि उत्तर मिळालं नाही की भांडी आपटायची.

मग त्याची न्यायमूर्ती म्हणून नेमणूक झाली. शपथेच्या आदल्या दिवशी आम्ही त्याच टेबलावर बसलो होतो. त्या दिवशी त्यानं चहा गरम असतानाच संपवला, तिथंच मला शंका यायला हवी होती. कप बाजूला ठेवून तो म्हणाला की आता माझी प्रकरणं त्याच्यासमोर येणार, आणि ती यायची असतील तर हा चहा, फोन, घरी येणं-जाणं सगळं थांबवावं लागेल. मग माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "तुझी काही हरकत?"

मला असा राग आला. मेल्यानं सगळं ठरवून टाकलंय, मग विचारतोय कशाला? त्याला माझी गरज नाही, तर मला तरी त्याची कुठं आहे? मी पर्स उचलली आणि म्हटलं, "हरकत नाही."

जन्मभर ऊठसूट हरकत घेणारी बाई मी, आणि जिथं घ्यायची तिथं हे दोन शब्द बोलून मोकळी झाले.

तेव्हापासून तो मला फक्त कोर्टात दिसतो. मोठ्या लाकडी खुर्चीत, चष्म्याच्या वरून बघत, मला 'विद्वान वकील' म्हणत. माझं प्रकरण पुकारलं की दर वेळी आधी एकच वाक्य बोलतो, "या वकिलांनी आणि मी पूर्वी एकाच चेंबरमध्ये काम केलेलं आहे, कोणाची हरकत असल्यास सांगावी." समोरचे वकील हसून म्हणतात, हरकत नाही. त्यांची कशाला असेल? सगळ्यांना ठाऊक आहे की तो मला इतरांपेक्षा जास्त छळतो. दुसऱ्याला एक प्रश्न विचारेल तिथं मला चार. माझ्या बाजूनं झुकतोय असं कोणाला वाटू नये म्हणून तो उलट बाजूला इतका झुकतो की माझी चांगली चांगली अपिलं त्याच्यासमोर आपटली आहेत.

आणि तरीही मी जाते. खोटं कशाला बोलू? प्रकरण त्याच्यासमोर लागलं की मी सकाळी साडी दोनदा बदलते. आई दारातून बघते आणि म्हणते, आज टाचणीचं कोर्ट वाटतं. मी तिच्यावर खेकसते. पण कोर्टात त्याचा आवाज कानावर पडला की दिवसभर बरं वाटतं. तो माझ्या अशिलाचं वाटोळं करत असला तरी बरं वाटतं. प्रश्न विचारताना तो पेनाचं टोपण अंगठ्यानं उघडतो-मिटतो, ती सवय अजून तीच आहे. केस पांढरे झालेत. मानेशी थोडा वाकलाय. एकदा त्याला खोकला झाला होता तर मला आठवडाभर चैन पडेना, आणि विचारायची सोय नाही. 'न्यायमूर्तींनी औषध घेतलं का' असं कोणत्या अर्जात लिहायचं?

असं सगळं सुरळीत कुढणं चाललं होतं. मग आला दंतवैद्य.

हा दंतवैद्य आणि त्याची थोरली बहीण यांचं एका जिन्यावरून भांडण. घर वडिलांचं. खालचा मजला भावाला, तिथं त्याचा दवाखाना. वरचा बहिणीला, तिथं तिचं शिवणकाम. जिना मात्र दवाखान्याच्या आतून जातो. कपडे शिवायला येणाऱ्या बायका दात दुखणाऱ्या माणसांमधून वर जायच्या, त्याला ते सहन होईना, म्हणून त्यानं जिन्याच्या दाराला कुलूप घातलं. बहीण कोर्टात गेली आणि जिंकली. त्यानं अपील केलं. बहीण माझी अशील.

अपिलात त्याचा सगळा भर एका नकाशावर होता. खालच्या कोर्टात बहिणीनं घराचा हातानं काढलेला नकाशा दाखल केला होता, आणि त्याचं म्हणणं, तो चुकीचा आहे. असेलही. पण नकाशा दाखल झाला तेव्हा त्याच्या वकिलानं हरकत घेतली नव्हती. म्हणजे माझं काम सोपं. तोच आमचा जुना नियम, सरांनी ठोकलेला. त्या वकिलाशी भांडून, पुढच्या दोघांशीही भांडून, दंतवैद्य आता स्वतःच स्वतःचं अपील चालवायला उभा राहिला होता.

पहिल्या तारखेला टाचणीनं नेहमीचं वाक्य म्हटलं. एकाच चेंबरमध्ये काम, कोणाची हरकत असल्यास वगैरे. दंतवैद्याला आमचा रिवाज माहीत नव्हता. तो उभा राहून म्हणाला की नुसती ओळख आहे एवढ्यावर तो काय सांगणार? "पेशंट दात दुखतो म्हणाला तर मी कुठला, किती, कधीपासून ते विचारतो. तुमची ओळख किती, ते मला सांगा. मग माझी हरकत आहे की नाही ते सांगतो."

कोर्टात कोणीतरी फिसकन हसलं. टाचणी हसला नाही. पेनाचं टोपण उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग तो म्हणाला की प्रश्न रास्त आहे, आणि याचं उत्तर दोघांनीही, म्हणजे कोर्टानं आणि विद्वान वकिलांनी, पुढच्या तारखेला द्यावं. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

मी घरी आले ती चिडूनच. काय सांगायचं होतं? एवढ्या वर्षांत एक फोन नाही, एक भेट नाही, लग्नाकार्यात समोरासमोर आलो तर मान हलवून बाजूला. कागदावर बघाल तर कोरा कागद. पूर्वीचे सहकारी, आता काही संबंध नाही, हे म्हटलं असतं तर त्यातला शब्द न् शब्द खरा होता. कोणी त्यावर बोट ठेवू शकलं नसतं. दंतवैद्य खाली बसला असता, मी नियम सांगितला असता, जिना मिळाला असता, आणि टाचणीचं कोर्ट मला राहिलं असतं.

खरं सांगितलं तर ते जाणार होतं. त्याचा आवाज, ते टोपण, ते 'विद्वान वकील', सगळं. माझ्याकडे त्याचं तेवढंच उरलं होतं हो. एवढंसं. ते आपल्या हातानं उचलून द्यायचं?

पण मला राहून राहून ती आपटलेली अपिलं आठवायला लागली. तो मला सावरून घेत नाही हे दाखवायला ज्यांना चार चार प्रश्न झेलावे लागले, ती माझी माणसं. त्यांनी मला वकील म्हणून घेतलं होतं. मला कोणाचा आवाज ऐकून बरं वाटतं यासाठी नव्हे. आणि तो दंतवैद्य कितीही खडूस असला, तरी त्यानं सरळ प्रश्न विचारला होता. त्याला शब्द न् शब्द खरा असलेलं खोटं उत्तर द्यायचं, हे मला काही जमेना.

आता नियमाप्रमाणे आधी अशिलाला सांगायला हवं. कारण प्रकरण दुसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं तर लांबणार, आणि त्याची झळ तिला. म्हणून मी तिच्याकडे गेले. दवाखान्यातून, जबडा धरून बसलेल्या माणसांमधून वाट काढत. ती एका बाईच्या ब्लाउजला काज करत होती. मी खुर्चीवर बसले, घसा साफ केला, आणि सगळं सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्यानं.

तिनं दातात धरलेला दोरा तोडला आणि विचारलं, "त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"मग मला कशाला आधी सांगताय?"

मी म्हटलं, नियमच आहे तसा.

तिनं कपाळावर हात मारला. मग भडकली. तिच्या जिन्यात माझं प्रेमबीम कुठून आलं, आणि ते इतकी वर्षं दाबून ठेवलं तर आणखी दोन महिने दाबायला काय झालं होतं, असं तिनं मला चांगलंच सुनावलं. तिचं बरोबर होतं, मी ऐकून घेतलं. मी म्हटलं, वकील बदलायचा असेल तर तसं करा, सगळे कागद नीट लावून देईन. ती बराच वेळ सुई ओवत बसली. शेवटी म्हणाली की वकील मीच राहावं, पण निकाल लागेपर्यंत रडारड करायची नाही. आणि जाताना म्हणाली, साडी जरा बरी नेसा त्या दिवशी.

त्या दिवशी मी साडी एकदाच नेसले. आईनं विचारलं, आज टाचणीचं कोर्ट? मी हो म्हटलं. खेकसले नाही म्हणून ती घाबरली.

प्रकरण पुकारलं. दंतवैद्य उभा राहिला, मी उभी राहिले. टाचणीनं कागद बाजूला केले. काही बोलायला तोंड उघडलं, पण मी आधी बोलले. भीती होती की त्याचा आवाज ऐकला तर माझा धीर सुटेल.

"या कोर्टानं हे प्रकरण ऐकायला माझी हरकत आहे."

टंकलेखकानं मान वर केली. दंतवैद्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याचा दात चोरला. टाचणीचा अंगठा टोपणावर थांबला. त्यानं कारण विचारलं.

मी टेबलाची कड घट्ट धरली. "आजवर सांगितलं गेलं की आम्ही सहकारी होतो. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. एका बाजूनं त्याहून जास्त आहे. एका बाजूनं ते पहिल्यापासून आहे आणि आजही आहे. हे मी यापूर्वीच सांगायला हवं होतं."

मी खाली बघत होते. वाटलं, आता तो नेहमीच्या कोरड्या आवाजात 'ठीक आहे' म्हणेल, पुढचं प्रकरण पुकारतील, आणि मी माझी पिशवी उचलून निघेन. संपलं. निदान नीट संपलं.

तो टंकलेखकाकडे वळला आणि आदेश सांगायला लागला. आवाज नेहमीचाच, एकेक शब्द सुटा. विद्वान वकिलांनी केलेलं निवेदन नोंदवून घेतलं आहे. मग तो थांबला. टोपण मिटलं आणि पेन खाली ठेवलं.

"त्या निवेदनात 'एका बाजूनं' हे शब्द जिथं जिथं आले आहेत, तिथं 'दोन्ही बाजूंनी' असं वाचावं."

टंकलेखकाची बोटं थांबली. त्यानं विचारलं, साहेब, काय वाचावं? टाचणीनं ते पुन्हा सांगितलं, जरा हळू. दोन्ही बाजूंनी. मग पुढे सांगितलं की ही गोष्ट कोर्टानं स्वतः आधी सांगायला हवी होती, ती न सांगण्यात कोर्टाची चूक झाली. हे प्रकरण आणि यापुढे या वकिलांचं कोणतंही प्रकरण त्याच्यासमोर लावू नये. दंतवैद्यानं योग्य प्रश्न विचारला, याचीही नोंद घ्यावी.

मी मान वर केली. तो चष्मा पुसत होता. पुसलेलाच पुसत होता.

बाहेर व्हरांड्यात दंतवैद्यानं मला गाठलं. त्याला काही उमगलं नव्हतं. नक्की झालं काय, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, तुमची शंका मान्य झाली. तो म्हणाला, मग तुम्ही का रडताय? अशिलाला दिलेला शब्द मी पहिल्याच दिवशी मोडला होता.

तिथंच बाकावर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. माझी प्रकरणं त्याच्यासमोर येणार असतील तर चहा बंद. 'यायची असतील तर.' म्हणजे मी तेव्हा हरकत घेतली असती, तर माझी प्रकरणं दुसरीकडे गेली असती आणि चहा राहिला असता. त्यानं ठरवून टाकलं नव्हतंच. तो खरंच विचारत होता. कायद्याच्या भाषेत विचारत होता, कारण त्या गाढवाला दुसरी भाषा येत नव्हती. आणि मी गाढवीण, वाक्यातली अट हुडकून त्यावर पोट भरणारी, मला तीच अट ऐकू आली नाही.

तरी त्यानं लगेच फोन केला नाही. मी वाटही बघितली नाही. म्हणजे बघितली, पण मला माहीत होतं. जिन्याचं प्रकरण त्याच्या शेजारच्या कोर्टात लागलं होतं, आणि ते संपेपर्यंत तो टाचणी जागचा हलणार नव्हता. आता माझी गंमत बघा. जी मी हवी तेव्हा तारीख मागून घ्यायची, ती दंतवैद्यानं तारीख मागितली की ताडकन उभी राहायची. एकदा तडजोडीची बोलणी निघाली. अर्धवट सोडून द्यावं, सही करावी, मोकळं व्हावं, असा मोह झाला मला. बहिणीला जिना फक्त सकाळी वापरता येणार होता. मी माझ्या अशिलाचा चेहरा आठवला आणि नाही म्हटलं. पावसाळा गेला, थंडी आली. आईनं काही विचारलं नाही. फक्त फोन वाजला की ती भांडी आपटायची थांबायची.

शेवटी निकाल लागला. जिना बहिणीचाही. नव्या न्यायमूर्तींनी नियम तोच लावला, खाली न घेतलेली हरकत वर घेता येत नाही. दंतवैद्य म्हणाला, असला कसला नियम, माणसाला उशिरा कळलं तर त्यानं काय करायचं? पुढच्या अपिलाची मुदतही त्यानं जाऊ दिली. दमले होते दोघंही. बहिणीनं त्याला एक पांढरा कोट शिवून दिला म्हणे.

मुदत संपली त्या संध्याकाळी फोन वाजला. नंबर मला पाठ होता.

त्यानं विचारलं, जिना संपला का? मी म्हटलं, संपला. त्याच्याकडे कुठंतरी टोपण उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता. स्वयंपाकघरात आईनं हातातलं भांडं हळूच खाली ठेवलं.

"चहा घेऊ म्हणतो," तो म्हणाला. "तुझी काही हरकत?"

तेच शब्द. तोच सूर. मला खिडकीजवळचं ते टेबल दिसलं, त्याचा रिकामा कप दिसला, पर्स उचलणारा माझा हात दिसला. तो हात धरून ठेवावासा वाटला.

"आहे," मी म्हटलं. "त्या दिवशीही होती. तेव्हा घ्यायची राहिली."

"खाली न घेतलेली हरकत वर घेता येत नाही," तो म्हणाला. नियम सांगताना त्याचा आवाज कधी हलला नव्हता, तो आता हलला. "पण मी ऐकतोय. बोल."

आणि जिला गप्प करता करता आख्खं कोर्ट दमलं, त्या मला कितीतरी वेळ शब्दच फुटेना.